गुरुवारचे साहेब

चाकणला होड्यांचं काय काम, असं माझे सासरे मला अधूनमधून विचारायचे, आणि मला त्याचं धड उत्तर कधी देता आलं नाही. आमच्या गल्लीत सगळे गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. डाव्या हाताला प्रेस शॉप, उजवीकडे रबरी सील, समोर पावडर कोटिंग. या सगळ्यांच्या मधोमध आमची कंपनी, आणि तिच्या वरच्या मजल्यावर आमचा सेक्शन. बंदरातला गाळ उपसणाऱ्या जहाजांसाठी आणि सर्व्हेच्या होड्यांसाठी तिथे रिसीव्हर बनत. या सेक्शनचे प्रमुख आमचे साहेब. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

पाहायची संधी मिळाली नाही असं नव्हे. गिऱ्हाईक मंडळी दरवर्षी आग्रह करायची, या साहेब, तुमचा रिसीव्हर बोटीवर कसा चालतो ते बघा, मासे खा, दोन दिवस राहा. साहेब जायचे नाहीत. मूळचे ते जतकडचे, लहानपणी टँकरच्या पाण्यावर वाढलेले, त्यामुळे पाण्याची भीती असेल असं आम्हाला वाटायचं. पण त्यांचं कारण वेगळंच होतं. ते म्हणायचे, "तिथे जाऊन काय ऐकायचं? तिथे कुणीही ऐकेल."

आता हे ऐकण्याचं प्रकरण थोडं सांगायला हवं. आकाशातले उपग्रह आपल्याला आपली जागा सांगतात, पण त्यात थोडी चूक असते. मोबाइलवर पत्ता शोधताना ती चालते, फार तर आपण शेजारच्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभे राहतो. बंदरातल्या अरुंद वाटेत जहाजाला ती चालत नाही. म्हणून किनाऱ्यावर एक केंद्र असतं. ते स्वतःच्या जागेवरून हललेलं नसतं, त्यामुळे उपग्रह किती चुकतोय हे त्याला कळतं, आणि ती चूक ते रेडिओवरून सतत सांगत राहतं. ते केंद्र म्हणजे बीकन. त्याचा आवाज पकडून जागा दुरुस्त करून देणारं यंत्र म्हणजे आमचा रिसीव्हर.

किनाऱ्यावर हा आवाज ठणठणीत येतो. चाकणला यायचा तर त्याला अख्खा सह्याद्री ओलांडून यावं लागतं, आणि आल्यावर इथे त्याच्या स्वागताला असतात वेल्डिंगची मशीन, मोटारी, चार्जर, एलईडीचे दिवे. ही सगळी मंडळी रेडिओच्या त्याच पट्टीत खरखर करतात. म्हणजे असा आवाज ऐकायला महाराष्ट्रात सगळ्यात वाईट जागा शोधायची झाली तर ती आमची गल्ली निघाली असती. साहेबांना नेमकं हेच आवडायचं. जो रिसीव्हर चाकणमध्ये ऐकतो तो कुठेही ऐकेल, हे त्यांचं तत्त्व. टेबलावर ठेवायचं एक सिग्नल जनरेटर आमच्याकडे होतं, त्याची वायर जोडली की दोन मिनिटांत रिसीव्हरची तपासणी होत असे. साहेब त्याला हात लावत नसत. घरच्याच माणसानं घेतलेली तोंडी परीक्षा, असं ते त्याबद्दल म्हणायचे.

यातून आमचा गुरुवार जन्माला आला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच दिवशी बऱ्याचदा वीजही जाते. सगळी एमआयडीसी हातपाय ताणून झोपलेली असते. म्हणून साहेबांनी ठरवलं की अंतिम तपासणी गुरुवारीच व्हायची. साहजिकच आमची सुट्टी बुधवारी. माझा नवरा भोसरीच्या एका कंपनीत, त्याची सुट्टी गुरुवारी. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत लग्नानंतर कित्येक महिने आम्ही एकमेकांना जेवणाचे डबे भरून देण्यापुरते भेटत होतो. मी साहेबांना हे एकदा सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि नवऱ्याची सुट्टी बदलून घेता येईल का ते पाहा म्हणाले.

गुरुवारी गच्चीवर जायचं तर दारातच साहेब उभे. "खिशात काय चालू आहे?" हा त्यांचा प्रश्न. मोबाइल बंद, हातातलं स्मार्ट घड्याळ बंद, वॉचमनची चार्जिंगची बॅटरी खाली. एकदा कंपनीचे मालक आले होते, त्यांनाही हाच प्रश्न. मालकांनी मुकाट्यानं दोन मोबाइल काढून दिले. साहेबांनी तेवढ्यावर न थांबता त्यांच्या कानातलं ऐकण्याचं यंत्रही मागितलं. पुढची सगळी पाहणी मालकांनी नुसतं हसतमुखानं मान हलवत केली, आणि जाताना सेक्शनबद्दल फार समाधान व्यक्त केलं.

मग ट्यूनिंग. आमच्या रिसीव्हरला ऑटो होतं, म्हणजे बटण दाबलं की यंत्र आपणहून बीकन शोधतं. साहेबांचा ऑटोवर भरवसा नव्हता. ऑटो जोरात ओरडणाऱ्याच्या मागे जातं, हा त्यांचा आक्षेप. ते स्वतः जोडून घेतलेल्या तारेला हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे, तोंड अर्धवट उघडायचे (तोंड उघडं ठेवलं की बारीक आवाज ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं) आणि एकेक आकडा हातानं पुढे सरकवायचे. खरखर, खरखर, आणि मग अचानक त्या खरखरीच्या तळाशी रातकिड्यासारखी एक न थांबणारी किरकिर, असं ते सांगायचे. साहेबांचा चेहरा तेव्हा देवळातल्या माणसासारखा व्हायचा. आम्हाला ते हेडफोन देत नसत. पडद्यावर लॉक आल्याची, म्हणजे बीकन पक्का पकडल्याची, खूण दिसली की आम्ही शिक्का मारायचा, एवढंच आमचं काम.

त्यांचं घर पिंपळे गुरवला. एकदा मला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या बायको शाळेत शिकवायच्या, अतिशय शांत बाई. वाढता वाढता त्या म्हणाल्या की आमच्याकडे मिक्सर लावायला परवानगी लागते, फ्रिज मात्र माझ्या माहेरचा असल्यामुळे बंद करत नाहीत. साहेब खाली मान घालून आमटी भुरकत होते. मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त गुरुवारी निघाला तेव्हा साहेब अंगठ्या घालेपर्यंत थांबले होते, असंही त्यांनीच सांगितलं. फोटोत साहेब आहेत, पण ते सगळ्यांबरोबर समोर न बघता हॉलमधल्या जनरेटरकडे बघतायत.

प्रेस शॉपच्या शेठशी त्यांचं भांडण झालं तेही एका गुरुवारी. शेठ इथले मूळचे. त्यांच्या वडिलांच्या शेतावरच निम्मी गल्ली उभी आहे, आणि त्या जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी स्वतःचं प्रेस शॉप टाकलेलं. धिप्पाड माणूस, आवाज प्रेससारखाच. त्या दिवशी वीज गेलेली, सगळं सामसूम, तरी आमच्या हेडफोनमध्ये भयानक खरखर. साहेब म्हणाले, शेठ जनरेटर लावून चोरून वेल्डिंग करतोय. तडक जाऊन त्यांनी शेठच्या घराची बेल वाजवली. वीज नसल्यानं ती वाजली नाही, म्हणून दार बडवलं. शेठ बनियनवर बाहेर आले. साहेबांनी त्यांना अर्थिंग, फिल्टर आणि नागरिकाचं कर्तव्य या विषयांवर पुष्कळ सुनावलं. शेठ किल्ली घेऊन आले, प्रेस शॉपचं शटर वर केलं. आत अंधार होता आणि प्रेसच्या पट्टीवर एक मांजर झोपलेलं होतं.

खरखर आमच्याच ऑफिसातून येत होती. मॅनेजरनं वीज गेल्यावर पंखा चालावा म्हणून आदल्या आठवड्यात नवा इन्व्हर्टर घेतला होता. तो बंद केल्याबरोबर किरकिर स्वच्छ आली. साहेबांनी इन्व्हर्टर खाली उतरवला, आणि शेठची माफी मागायला मात्र ते गेले नाहीत. चूक अंदाजाची होती, तत्त्वाची नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की साहेब आकाशात बघायचे आणि शेठ चपलेकडे.

या सगळ्याकडे वरचे लोक बरीच वर्षं मजा म्हणून बघत होते. मग दिवस बदलले. जागेची दुरुस्ती आता इंटरनेटवरूनही मिळते, उपग्रहावरूनही मिळते. आमच्या रिसीव्हरला मागणी कमी झाली. मॅनेजरनं एक दिवस साहेबांना आणि मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सेक्शन बंद करून वरच्या मजल्यावर इलेक्ट्रिक स्कूटरचं वायरिंग सुरू करायचा विचार आहे. एकच आशा होती. गाळ काढणाऱ्या एका ठेकेदारानं मोठी बॅच मागवली होती. ती त्यांच्या इन्स्पेक्टरनं पास केली तर पुढची ऑर्डर पक्की, आणि सेक्शन राहील. नाही तर साहेबांना घरी, आणि आम्हा बाकीच्यांना कॉन्ट्रॅक्टवरचे म्हणून नमस्कार. माझ्या नवऱ्याला त्याच महिन्यात कंपनीनं ब्रेक दिला होता, म्हणजे घरी बसवलं होतं. साहेबांना ते माहीत होतं, कारण माझा डबा घेऊन तो आता रोज स्वतः येत होता.

इन्स्पेक्टर कधी येणार, साहेबांनी विचारलं. मंगळवारी, मॅनेजर म्हणाला.

साहेबांनी दोन दिवस वाद घातला. मंगळवारी चाकणमध्ये बीकन ऐकणं म्हणजे लग्नाच्या वरातीत घड्याळाची टिकटिक ऐकणं. मॅनेजर म्हणाला, मग जनरेटर लावून टेबलावर तपासणी घ्या, इन्स्पेक्टरला चालतंय. साहेब उठून निघून आले. जिना चढताना मी म्हटलं, साहेब, या वेळेपुरतं. ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. सोमवारी दुपारी मात्र त्यांनी शर्ट खोचला आणि मला म्हणाले, चला, शेठकडे जायचंय.

रबरी सीलवाला आणि पावडर कोटिंगवाला ओळखीचे होते, ते अर्धा तास थांबायला तयार झाले. खरा आवाज शेठचा. शेठ ऑफिसात भाकरी खात बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, म्हणून आम्ही उभेच राहिलो. साहेबांनी घसा साफ केला, आकाशाकडे बघायची सवय असल्यामुळे छताकडे बघितलं, आणि सगळं सांगितलं. उद्या अकराच्या सुमाराला अर्धा तास प्रेस आणि वेल्डिंग बंद ठेवा. आमच्या सेक्शनचा प्रश्न आहे. हिचंही काम जाईल, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांनी कुणाकडे काही मागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहवेना.

शेठनी घास संपवला. "बंद करतो की. पन मला एक सांगा, तुमी ऐकता काय नेमकं?"

"समुद्रावरून एक आवाज येतो. तो."

"आन् तो तुमाला हितं, चाकणात ऐकायचाय."

"हो."

शेठनी उठून हात धुतले. "एक अट हाय. मलाबी ऐकवायचा. इतकी वर्सं आमी त्याच्यापायी शिव्या खाल्ल्या, त्यो हाय तरी कसा त्ये कळू द्या."

साहेबांनी आजवर कुणाला हेडफोन दिला नव्हता. ते हो म्हणाले.

मंगळवारी अकराला गल्ली खरोखरच थांबली. आधी सीलवाल्याच्या मोटारी, मग कोटिंगची भट्टी, आणि शेवटी शेठचा प्रेस. प्रेस थांबल्यावर कळलं की त्याच्या दणक्यांची आपल्याला किती सवय झालीय. जमीन हलायची थांबल्यासारखी वाटली. निम्मे कामगार रस्त्यावर उभे राहून आमच्या गच्चीकडे बघत होते. गच्चीवर इन्स्पेक्टर, मॅनेजर, मी, शेठ, आणि बॅचमधला पहिला रिसीव्हर. "खिशात काय चालू आहे?" झालं. शेठनी मोबाइल, बिडीचा चार्जिंगवाला लायटर आणि का कोण जाणे मोटरसायकलची किल्लीही काढून दिली.

साहेबांनी डोळे मिटले. तोंड उघडलं. आकडा सरकवायला लागले. आम्ही श्वास धरून पडद्याकडे बघत होतो. लॉकची खूण येईना. साहेबांनी अँटेना फिरवला, टाकीजवळच्या कोपऱ्यात नेला, परत आणला. दुसरा रिसीव्हर लावला, तिसरा लावला. त्यांच्या कपाळावर घाम जमला. खाली कुणीतरी खोकलं तर मॅनेजरनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा आत निघून गेला. गल्ली इतकी शांत होती की पलीकडच्या हायवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या, आणि हेडफोनमध्ये काही नव्हतं.

मी खाली ऑफिसात जाऊन लँडलाइनवरून आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बोटीवर फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याकडेपण सकाळपासून नाही ना. बीकन दुरुस्तीला बंद ठेवलाय म्हणतात. उद्या परवा येईल."

म्हणजे एवढी गल्ली गप्प करून आम्ही ज्याचं ऐकायला जमलो होतो तोच बोलत नव्हता. मला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर रडूही आलं. मी वर जाऊन साहेबांच्या कानाशी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते थकलेले दिसले, आणि एकदम म्हातारे.

तेवढ्यात शेठ पुढे झाले. "माझी पाळी," म्हणाले. साहेबांनी हेडफोन त्यांच्या हातात दिला. शेठनी तो मोठ्या डोक्यावर कसाबसा बसवला, साहेबांसारखे डोळे मिटले, तोंडही उघडलं. आम्ही बघत होतो. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "येतंय की. बारीक हाय, पन येतंय."

इन्स्पेक्टर पडद्याकडे बघत होता, त्याला सगळं कळत होतं. मॅनेजरलाही. खाली रस्त्यावर मात्र कुणीतरी टाळी वाजवली. आणि साहेब, ज्यांनी लॉकच्या खुणेशिवाय आजवर एका रिसीव्हरवर शिक्का मारू दिला नव्हता, ते शेठकडे बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस म्हणेल, नाही, काहीही येत नाहीये, बीकन बंद आहे. तसं ते म्हणाले असते तर खरं होतं.

"आभारी आहे, शेठ," ते म्हणाले. "आता तुमचं सुरू करा."

मग ते इन्स्पेक्टरकडे वळले आणि टेबलावर घेऊ या म्हणाले. जिना उतरून आम्ही आत आलो तोवर प्रेस सुरू झाला होता, खिडक्या हादरत होत्या. सिग्नल जनरेटरची वायर मी उचलायला गेले तर साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः जोडली. एकामागून एक सगळे रिसीव्हर पास झाले. चहा येईपर्यंत काम संपलं. इन्स्पेक्टरनं सही केली, हात मिळवला, तुमच्या रिसीव्हरबद्दल आमची कधी तक्रारच नव्हती म्हणाला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला लाज वाटत होती, हेही खरंच.

आमची नोकरी राहिली, सेक्शनही राहिला. दुसऱ्या आठवड्यापासून सुट्टी गुरुवारी झाली, सगळ्या जगासारखी. मी पहिल्या गुरुवारी नवऱ्याबरोबर पुनावळ्याला त्याच्या मावशीकडे जायला निघाले होते, तर शेठचा फोन. "म्याडम, तुमचं सायेब गच्चीवर हायेत. मला बोलावलंय. तुमी येताय का?" नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी वळवली.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोघं टाकीच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले होते. पुढ्यात एक जुना रिसीव्हर, बॅटरीवर. बॅच केव्हाच गेलेली. बीकन परत सुरू झाला होता. साहेबांनी आकडा लावला आणि हेडफोन स्वतःच्या कानावरून काढून शेठच्या कानावर ठेवला. शेठचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी एक हात वर केला, जसं काही कुणी मध्ये बोलेल. कुणी बोलणार नव्हतं.

हेडफोन काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला. खाली बघत म्हणाले, "त्या दिशी मी ह्ये न्हाई ऐकलं, सायेब."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लोकांसमोर खोटं बोललात. मग मला टेबलावर घ्यायला कसली लाज?"

शेठनी हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवला आणि डोळे मिटून घेतले. साहेबांनी माझ्या नवऱ्याकडे बघून खुर्ची नाही, कठड्यावर बसा, असं खुणेनं सांगितलं, आणि आम्ही चौघं तिथे बराच वेळ बसून राहिलो, एकजण ऐकत आणि तिघं त्याच्याकडे बघत.